चाळीतल्या सगळ्या सासवा

पाच वाजता सरकारची अर्जाची साईट बंद होणार होती आणि सव्वादोनला मॅडमनी मला विचारलं, "अगं, या सगळ्या सासवा राहतात कुठे?"

माझे हात कणकेत होते. माझी पोरगी टेबलाखाली बसून स्टेपलर उघडत होती, मिटत होती. मॅडमसमोर लॅपटॉप आणि लॅपटॉपशेजारी माझी वही. मीच लिहिलेली, निळ्या पेनाने, पट्टीने रेघा मारून. सातव्या प्रश्नाखाली पानामागून पान एकच उत्तर. सासू. सासू. सासू. मधे एका ठिकाणी "सासूबाई", कारण ती बाई जरा मान देणारी होती.

"मी दोनदा आले तुमच्या चाळीत," मॅडम म्हणाल्या. "मला एक म्हातारी दिसली नाही. एकसुद्धा नाही."

मी हात धुवायला मोरीत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.  पाणी वाहून चाललंय हेसुद्धा मॅडमनी आतून ओरडून सांगितलं.

आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

आम्ही धुळ्याकडचे. हे सिल्वासाला दोऱ्याच्या कंपनीत आहेत. राहतो सामरवरणीला, एका रांगेत रूम, रांगेच्या टोकाला एक नळ. मी आठवीपर्यंत शाळेत गेले, मग लग्न, मग इकडे. मॅडम कोकणातल्या, इथल्या कॉलेजात शिकवतात. मी त्यांच्याकडे सकाळ ते दुपार स्वयंपाकाला जाते, पोरगी बरोबर असते, मॅडमना चालतं. कधीकधी तर त्याच तिच्याशी खेळत बसतात आणि माझी भाजी करपते.

एक दिवस त्या फोनवर कुणाला सांगत होत्या की सरकार पैसे देतंय, धोरणाच्या संशोधनासाठी, अर्ज करायचाय. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मॅडम, संशोधन म्हणजे ते काचेच्या नळ्यांचं ना?"

"नाही गं. हे माणसांचं. लोकांना जाऊन विचारायचं, मोजायचं, बघायचं, आणि मग सरकारला सांगायचं की तुम्ही असं असं करा."

"आणि त्याचे पैसे सरकारच देतं?"

"मागितले तर. आणि पटवून दिलं तर."

मला हे इतकं नवल वाटलं. आमच्याकडे सरकारकडे मागायचं म्हणजे रेशन, घरकुल, दाखला. प्रश्न विचारायला पैसे मागायचे हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मी भांडी घासता घासता विचारत राहायची. मॅडम, धोरण म्हणजे काय? त्या म्हणाल्या, समज, तुमच्या कंपनीच्या गेटवर नोटीस लावतात, आजपासून असं वागायचं, तशी नोटीस सरकारची, फक्त ती सगळ्यांसाठी. मग मी म्हटलं, मग नोटीस लावायच्या आधी विचारायला येतात होय? कंपनीत तर कुणी येत नाही. मॅडम हसल्या. "म्हणूनच तर अर्ज करायचाय."

त्यांचा विषय होता, शिफ्टमधे काम करणाऱ्या बायांची लहान पोरं कामाच्या वेळेत कुठं असतात. अंगणवाडी दुपारी बंद होते, कंपनीची शिफ्ट तीनला बदलते, मग मधल्या वेळेचं काय. हे त्यांना सुचलं ते माझ्या पोरीला बघून, असं त्या म्हणायच्या. 

अर्ज म्हणजे एक पान नसतं हो. मी बघितला. समस्या काय आहे ते लिहा. याआधी कुणी काय शोधलं ते लिहा. तुम्ही कसं शोधणार ते लिहा. सरकारला त्यातून काय करता येईल ते लिहा. प्रत्येकाला शब्द मोजून. कॉलेजच्या प्रिन्सिपलचं पत्र, शिक्का, सही. आणि गंमत म्हणजे तुम्हाला काय सापडणार आहे त्याचा अंदाजसुद्धा आधीच लिहायचा. मी म्हटलं, माहीत असतं तर शोधायला पैसे कशाला मागितले असते? मॅडम म्हणाल्या, तू हेच अर्ज तपासणाऱ्या समितीला विचार.

तर अंदाजासाठी थोडी माहिती आधी गोळा करायची होती. मॅडम आमच्या चाळीत आल्या, दोनदा, पण बाया त्यांच्यासमोर नुसत्या हसायच्या, चहा करायच्या, बोलायच्या नाहीत. म्हणून त्यांनी मला बारा प्रश्न लिहून दिले. तूच विचार, तुला सांगतील. आणि सांगितलं, एकेकीला वेगळं विचार, दार लोटून, निवांत. त्या जे सांगतील ते लिही, आपल्या मनाचं काही घालू नको.

आता इथंच मी चुकले, आणि कशी चुकले ते मला चुकताना कळलंसुद्धा नाही.

आमच्या चाळीत दार लोटून कुणी बोलत नाही. दोघी बायांनी दार लोटलं तर बाहेर तिसरी विचारणार, काय चाललंय, कुणाची चुगली. आणि निवांत कोण असतं? कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी सेकंडला. सगळ्या एका जागी सापडतात ती एकच वेळ, रविवारी अकराला नळाला पाणी येतं तेव्हा. मग मी काय केलं, वही घेतली, पोरीला कडेवर घेतलं आणि नळावर जाऊन बसले. हंडे रांगेत, बाया रांगेत, मी म्हटलं, चला, आज तुमच्या सगळ्यांच्या मुलाखती.

सहा प्रश्न हसतखेळत झाले. कुठून आलात, किती वर्षं, कोणती शिफ्ट. मग सातवा. तुम्ही कामावर असताना बाळ कोणाजवळ असतं?

सगळ्या आपापल्या हंड्यात बघायला लागल्या. 

रांगेत पहिली होती माझी शेजारीण. ती जळगावकडची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, मी तिला वहिनी म्हणते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सासू. लिही, सासूजवळ."

मी पेन धरून बसले. तिची सासू गावाला आहे हे मला माहीत, मागच्या महिन्यात तिनंच सासूच्या गुडघ्याचं औषध पाठवलं होतं.

"लिही ना वं. काय पाहून राहिली?"

मी लिहिलं. मग दुसरी म्हणाली सासू. तिसरी म्हणाली सासू. चौथीची सासू वारलेली, ती म्हणाली, "माझीही लिही. असती तर तिनंच सांभाळलं असतं." सगळ्या हसल्या. मागून एक ओरडली, "माझी सासू तर गावाहून मोबाइलवर सांभाळते, पोरगं रडलं की व्हिडिओ कॉल!" परत हसणं. मी वय विचारलं तर एकीनं सासूचं वय सांगितलं ते तिच्या नवऱ्याच्या वयापेक्षा पाच-सहा वर्षांनीच जास्त. मी म्हटलं, जरा वाढव. तिनं वाढवलं.

हसून झाल्यावर वहिनीनं हंडा डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "सरकारच्या कागदावर कुलूप नको येऊ देऊ. पोरीची शप्पथ घे."

मी घेतली. पोरगी कडेवरच होती.

कुलूप म्हणजे काय ते आता सांगावं लागेल. आमच्यात सासू नाही, आई नाही, सगळी म्हातारी माणसं गावाला. बाई शिफ्टला जाते तेव्हा पोराला जेवू घालते, झोपवते, पाण्याचा तांब्या खाली ठेवते, गॅसची नळी काढते, बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली शेजारच्या खिडकीत टाकते. शेजारीण दुसऱ्या शिफ्टची असते, ती घरात असते, ती कान देते. रडलं की उघडते. असं एकमेकींचं चालतं. वाईट नाही म्हणत मी, चांगलंही नाही म्हणत. अथालच्या एका चाळीत म्हणे कुणीतरी हे बाहेर सांगितलं, मग सरकारची माणसं आली, पोरांची नावं लिहून घेऊन गेली, आणि रूमवाल्या शेठनं घाबरून सगळ्यांना रूम खाली करायला लावल्या. खरं का खोटं देव जाणे. पण आमच्या चाळीत सगळ्यांना ते पाठ आहे.

आणि कुलूप मीसुद्धा लावलंय. मॅडमकडे लागायच्या आधी मी प्लॅस्टिकच्या कंपनीत पॅकिंगला होते, फर्स्ट शिफ्ट. मी साडेसहाला निघायची, हे नाईट करून आठला यायचे. मधला दीड तास पोरगी झोपलेली, कुलपात. एक दिवस यांचा बदली माणूस आला नाही, यांना थांबवून घेतलं, फोन गेटवर जमा, मला कळवणार कोण. पोरगी उठली, रडली. त्या दिवशी वहिनीला सुट्टी होती, तिनं किल्ली घेऊन दार उघडलं. मी साडेतीनला घरी आले तर पोरगी वहिनीच्या मांडीवर दूधभात खात होती. मी दुसऱ्या दिवसापासून कंपनी सोडली. वहिनी त्याच्याबद्दल आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही मला.

तर अशी ती वही, आणि अशी ती शप्पथ, आणि सव्वादोन वाजलेले.

मी मोरीतून बाहेर आले. मॅडम रागावलेल्या नव्हत्या, त्यानं मला आणखीच भीती वाटली. त्या पानं मागंपुढं करत होत्या, जसं पोरगी स्टेपलरकडे बघते तसं वहीकडं बघत होत्या.

"कुठे बसून विचारलंस?"

"नळावर."

"सगळ्या एकदम?"

"हो."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि पहिल्यांदा सासू कोण म्हणालं?"

मी ओले हात पदराला पुसत राहिले.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मला कुणाचं नाव नको. पण सगळ्यांच्या घरी जर सासू असेल, तर पोरं मजेत आहेत. मग मी सरकारकडे पैसे कशाला मागू? समस्याच नाही. हा अर्ज मी आत्ता बंद करते आणि आपण जेवू."

मला एकदम रडू आलं. दोन महिने त्या बाई खपल्या होत्या. आणि खरं सांगू, मलापण तो अर्ज जायला हवा होता. मला बघायचं होतं की आमच्यासारख्यांचं विचारायला सरकार खरंच पैसे देतं का.

मी म्हटलं, "मॅडम, एक फोन करते." दोन वीस झाले होते. वहिनी सेकंड शिफ्टला चालत निघालेली असणार, गेटवर गेली की फोन जमा.

तिनं उचलला. मागून ट्रकचे हॉर्न.

"वहिनी, ते सातव्या प्रश्नाचं... मॅडमनी ओळखलं. खरं सांगू का? नाव नाही देणार. अर्ज जाणार नाही नाहीतर."

"काय म्हणे?"

"कुलपाचं, वहिनी. सांगू का?"

"व माय, तू शप्पथ घेतली होती ना?"

"घेतली होती, म्हणून तर विचारते."

"मले काय विचारते? मी एकटीचं सांगू का साऱ्या चाळीचं? माझी पोरगी आत्ता आतमधी आहे, अन् तू मले रस्त्यात..." मग कुणीतरी तिला हाक मारली, "चलो चलो, फोन डालो," आणि फोन बंद. मी दोनदा लावला. बंद.

हो म्हणाली की नाही म्हणाली? मी अजून त्या वाक्याकडं वळून बघते आणि मला कळत नाही.

पावणेतीन. मॅडमनी पोरीला टेबलाखालून काढलं, स्टेपलर घेतला, हातात बिस्किट दिलं.

मी खुर्चीत बसले. मॅडमकडे मी खुर्चीत कधी बसत नाही. म्हटलं, "मॅडम, बारा प्रश्न मला विचारा. मला कुणी विचारलेच नाहीत. मीपण शिफ्ट केलीय."

मॅडमनी कोरं पान घेतलं. नावाच्या जागी नुसता एक आकडा टाकला. कुठून आलात, किती वर्षं. मग सातव्यावर आल्या. मी सगळं सांगितलं. कुलूप, तांब्या, गॅसची नळी, किल्ली, शेजारच्या बाईनं दार उघडलं. कोण शेजारीण ते नाही सांगितलं. मॅडमनी मान वर केली नाही, लिहीत राहिल्या, मधे एकदा नुसतं विचारलं, "किल्ली खिडकीत का? हातात का नाही देत?" मी म्हटलं, ती बाई झोपलेली असते ना, शिफ्ट करून आलेली, तिला कशाला उठवायचं. मॅडम पेन थांबवून माझ्याकडे बघत बसल्या. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. किल्ली खिडकीतून का टाकतो याला काही कारण आहे हे मला सांगता सांगता कळलं.

मग त्या म्हणाल्या, "एका बाईवर अर्ज होत नाही."

  मग त्यांनी वही परत उघडली, सासू सासू सासू, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, जसं हरवलेली वस्तू भलत्याच डब्यात सापडते तसं.

"अगं, उत्तर चुकलेलं नाहीये. हेच तर सापडलंय." त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं, मग इंग्रजीत टाइप केलं. सगळ्या बायका म्हणतात बाळ सासूजवळ असतं. दोन भेटींमधे एकाही घरात वयस्कर माणूस दिसलं नाही. एकीनं वेगळं उत्तर दिलं. तर बाकीच्या तसं का म्हणतात, त्यांना कसली भीती आहे, आणि भीती न घालता मदत कशी पोचवता येईल, हे शोधायचं आहे.

मला ते इतकं आवडलं, आणि लगेच इतकी भीती वाटली. म्हटलं, "पण मॅडम, हे वाचून शहाण्या माणसाला कळेलच ना, की त्या खोटं बोलल्या?"

"कळेल," मॅडम म्हणाल्या. "चाळ कुठली ते नाही कळणार. गावाचं नाव मी घालत नाही. वहीची पानं जोडत नाही, फक्त तुझं पान जोडते. पण कळेल, हे खरं. तू हो म्हण, नाहीतर नको. तुझ्याशिवाय मी हे पाठवणार नाही."

साडेतीन झाले होते. अजून फाईल मोठी होत होती, साईट घेत नव्हती, प्रिन्सिपलच्या पत्राचा फोटो तिरका आला होता. माझ्या शप्पथेचं मी मनात असं केलं की शप्पथ कुलपाची होती, आणि इतरांचं कुलूप मी सांगितलेलं नाही, माझंच सांगितलंय. असं मी मला समजावलं. ते खरं होतं का, ते मी त्या वेळी तपासलं नाही. पोरगी माझ्या गुडघ्याला चिकटून बिस्किट खात होती, तिच्याकडे मी बघितलंच नाही.

मी हो म्हटलं.

चार अठ्ठेचाळीसला अर्ज गेला. हिरवी खूण आली. मॅडमनी मला मिठी मारली, कणकेचं पातेलं तसंच उघडं पडलेलं, वर पापुद्रा धरलेला. घरी गेले तेव्हा वहिनी कंपनीत होती. तिच्या रूमला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिडकीत पडलेली, कारण त्या दिवशी कान द्यायचा नंबर माझाच, दुपारपुरती शेवटच्या रूमवालीला सांगून ठेवलेलं. मी आत गेले आणि तिच्या पोरीच्या भिंतीला कान लावून बसले.

दुसऱ्या दिवशी नळावर वहिनीनं विचारलं, "मग? सासूच गेलं ना?"

"सासूच," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

काही महिन्यांनी सरकारचं पत्र आलं, पैसे मंजूर. मॅडम पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आता नीट करायचं. एकेकीला वेगळं. नळावर नाही. कुणाला सांगायचं नसेल तर नाही सांगणार, तसं आधी वाचून दाखवायचं, मगच प्रश्न. माझं नाव कागदावर आलं, क्षेत्र मदतनीस. मी ते तीनदा वाचलं.

पहिल्या दारावर मी वहिनीकडेच गेले. म्हटलं, तिच्यापासून सुरू करू, तीच पहिली होती. ती मेथी निवडत होती. माझ्या हातातले नवे छापील कागद तिनं बघितले.

"मागे लिहिलं होतं ना? मग परत काय विचारून राहिली?"

मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. माझं पान, मॅडमचं वाक्य, सगळं. तिनं ऐकून घेतलं. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"तुझं तू सांगितलं, ते तुझं," ती म्हणाली. "पण आमच्यावर असं लिहिलं की या बाया खोटं बोलतात. तेही आम्हाला न विचारता."

"वहिनी, मी फोन केला होता."

"रस्त्यात. गेटच्या दहा पावलं आधी." मग म्हणाली, "अन् त्यानं काय होईल? पाळणाघर होईल?"

"होईल का ते माहीत नाही. विचारायचं ठरलंय एवढंच."

तिनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मी सांगेन का नाही ते अजून ठरलं नाही. तू जाय आता, माझी शिफ्ट आहे." आणि उठून पोरीला जेवायला वाढायला लागली. थोड्या वेळानं ती कामावर गेली. या वेळी किल्ली तिनं माझ्या खिडकीत टाकली नाही, पलीकडच्या रूममधे दिली.

आठ दिवस झाले. छापील कागद माझ्याकडे तसेच आहेत. मॅडम म्हणतात, वाट बघ, घाई नको, हेपण संशोधनच आहे. मला ते अर्धं कळतं. पण रोज दुपारी मी भिंतीपलीकडे कान देते, आता माझा नंबर नसला तरी, आणि त्याच दुपारवर येते. शप्पथ होती, फोन कट झालेला, घड्याळात पावणेतीन, आणि अर्ज गेला नसता तर कुणी कधी विचारायलाच आलं नसतं. गप्प बसले असते तर वहिनीची किल्ली अजून माझ्याकडे असती.

तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कदाचित सोपं वाटेल. म्हणून खरंच विचारते. तुम्ही त्या खुर्चीत असता, तर काय केलं असतं?